अस्वल ठेवा, मिठीचे नकाशे काढा! शास्त्रज्ञाने किती बोलावं?

कुर्लेकरीण
लोकहो, डोकं फिरलंय म्हणून धागा काढतेय, चुकीच्या विभागात वाटला तर हलवा.

आमच्या सोसायटीच्या गणपतीत यंदा ऑर्केस्ट्रा रद्द करून व्याख्यान ठेवलंय (वर्गणी कमी जमली हे खरं कारण, असो). माझी भाची हवामानशास्त्रात पीएचडी करते, तिला बोलावलं. तिने दोन रात्री जागून पीपीटी केली आणि काल कार्याध्यक्षांना दाखवायला मीच लॅपटॉप घेऊन गेले. 26 जुलै 2005 चा 944 मिमी पाऊस, तापमानाचा आलेख, वितळणारा बर्फ, त्यावर एकटं ध्रुवीय अस्वल, सगळ्याला माना डोलावल्या. मग आले मिठी नदीचे दोन नकाशे, जुना आणि आत्ताचा शेजारी शेजारी, बीकेसीच्या (वांद्रे-कुर्ला संकुल) भरावावर आणि विमानतळाच्या धावपट्टीपाशी नदी वळवलीय तिथे तिने लाल गोल केलेले. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, म्हणाले, "ताई, अस्वल छान आहे, अस्वल ठेवा. हे नकाशे तेवढे काढा. माजी नगरसेवक साहेब प्रमुख पाहुणे आहेत, मंडपाचा खर्च त्यांचा."

भाची म्हणते काढणार नाही, नाहीतर येतच नाही. तिच्या गाइडचं म्हणणं सांभाळून बोल, फेलोशिप सरकारी आहे. आमचे हे म्हणतात शास्त्रज्ञाने शास्त्र करावं, एकदा आंदोलनवाल्यांसारखं बोलायला लागली की तिच्या आकड्यांवर कोण विश्वास ठेवणार. घरात कालपासून दोन पार्ट्या आहेत आणि चहा मी एकटीच करतेय. तुम्हाला काय वाटतं?

खडूस_ठाणेकर
मी तुमच्या यजमानांच्या पार्टीत. हवामान बदलतंय हे मला मान्य आहे, उगाच अंगावर येऊ नका. पण आठवा, 2007 च्या आयपीसीसी (हवामान बदलावरचं संयुक्त राष्ट्रांचं मंडळ) अहवालात लिहिलं होतं की हिमालयातल्या हिमनद्या 2035 पर्यंत संपू शकतात. आपल्या पर्यावरण मंत्रालयाने 2009 ला वेगळं म्हणणारा अहवाल काढला तर आयपीसीसीचे अध्यक्ष पचौरी त्याला 'वूडू सायन्स' (जादूटोणा) म्हणाले, आणि दोन महिन्यांत आयपीसीसीलाच कबूल करावं लागलं की 2035 चूक. आकडा कुठून आला तर फिरत फिरत एका मासिकातल्या मुलाखतीवरून! शास्त्रज्ञाला एकदा आवेश चढला की असं होतं. आणि तिकडे लंडनला चित्रावर सूप फेकणारे हवामान आंदोलक, त्यांच्यामुळे किती टन कार्बन वाचला? लोक चिडले, पोरी तुरुंगात गेल्या, संपलं.

स्लो_लोकल
ठाणेकर, किस्सा खरा आहे पण अर्धा सांगितलात. ती चूक कळल्यावर आयपीसीसीने जाहीरपणे मान्य केली, आणि हिमनद्या वितळतायत हे त्यानंतरही कोणी खोडलेलं नाही. चूक सुधारते हो, दाबलेलं कसं सुधारणार?

आणि दाबण्यात कुठलाही पक्ष मागे नाही. आपले पुण्याचे पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ, पश्चिम घाटाचा अहवाल 2011 च्या ऑगस्टमध्ये दिला, काँग्रेसचं सरकार होतं, बाहेरच काढेनात, माहिती अधिकारात मागितला तरी नाही, माहिती आयोगाने द्या सांगितलं तर मंत्रालय दिल्ली हायकोर्टात गेलं, तिथे हरल्यावर 2012 च्या मे मध्ये लोकांना वाचायला मिळाला. मग भाजपच्या काळात उत्तराखंडातलं जोशीमठ. जानेवारी 2023 ला इस्रोच्या हैदराबादच्या केंद्राने उपग्रहावरून मोजून सांगितलं की गाव 12 दिवसांत 5.4 सेंटीमीटर खचलं. लगेच आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं पत्र, संस्थांनी माध्यमांशी बोलू नये, आणि तो अहवाल साइटवरून गायब. जमीन खचायची थांबली का पत्र वाचून? मग केरळात वायनाडची दरड, 2024, तिथे सरकार डाव्यांचं. ढिगाऱ्यातून माणसं काढायचं काम चालू असताना आदेश निघाला की शास्त्रज्ञांनी तिथे जाऊ नये, मतं देऊ नयेत. ओरड झाली तेव्हा मुख्यमंत्र्यांनी मागे घ्यायला लावला, एवढं तरी झालं.

अमेरिकेतला जेम्स हॅन्सनचा किस्सा तर भारी आहे. नासातला एवढा मोठा माणूस, 1988 ला सिनेटसमोर तापमानवाढ सुरू झालीय असं सांगणारा, आणि 2006 ला त्यांनी तक्रार केली की माझी भाषणं, मुलाखती सगळं आधी तपासतायत. त्यात प्रसिद्धी विभागात एक चोवीस वर्षांचा पोरगा होता, राजकीय नेमणूक, त्याने बायोडेटात जी डिग्री लिहिली होती ती त्याने पूर्णच केलेली नव्हती. गेला राजीनामा देऊन. हॅन्सननी पुढे कोळसा खाणीविरोधात बसून अटकही करून घेतली आणि त्यामुळे त्यांचे आलेख काही चुकीचे ठरले नाहीत.

पण ताई, भाचीला नुसतं "लढ" म्हणून चढवू नका. रोझ अब्रामॉफ म्हणून अमेरिकेतली एक हवामान शास्त्रज्ञ, डिसेंबर 2022 ला मोठ्या परिषदेत स्टेजवर जाऊन बॅनर फडकवला, प्रयोगशाळेतून रस्त्यावर या असा, पुढच्या महिन्यात नोकरी गेली. किंमत लागते, ती तुम्ही आम्ही नाही, तीच भरणार.

मेट्रोचा_पास
पॉपकॉर्न घेऊन बसलोय 😀 पण एक सांगतो. ऑक्टोबर 2019 ला मेट्रोच्या कारशेडसाठी आरेच्या जंगलात रात्री झाडं कापली तेव्हा मीही गेटवर होतो, हायकोर्टाने याचिका फेटाळल्या त्याच रात्री करवती सुरू, सुप्रीम कोर्टाने थांबवेपर्यंत दोन हजारावर झाडं गेली होती. आता रोज त्याच अ‍ॅक्वा लाइनने एसीत बसून ऑफिसला जातो. गाडीपेक्षा मेट्रो बरी हे विज्ञान आणि कारशेड दुसरीकडे करा हेही विज्ञानच, पण टीव्हीवर आम्ही सगळे 'विकासविरोधी' झालो. तेव्हापासून बायको मला स्टेशनवर सोडताना "विकासविरोधी, डबा घेतलास का" म्हणते.

ओहोटी
वरळी कोळीवाड्यातून. आमच्याकडे उलटं झालं. कोस्टल रोडच्या पुलाचे खांब एकमेकांपासून 60 मीटरवर, बोटी त्यांच्यामधून जाणार, महापालिका म्हणायची पुरेसं आहे, कागद आहेत. माझा मामा म्हणायचा कागदाला लाट लागत नाही, पावसाळ्यात वारा असला की बोट सरळ येत नाही, आडवी येते, 200 द्या. वर्षानुवर्षं मीटिंगा, बोटी आडव्या घालून काम थांबवलं, तेव्हा कुठे एक खांब कमी करून 120 केले. म्हणजे आंदोलन करणाऱ्याकडे पण माहिती असते हो, फक्त पीपीटी नसते.

माझा सल्ला भाचीला: नकाशे ठेव पण तुझे म्हणून नको. 2005 च्या पुरानंतर सरकारनेच चितळे समिती नेमली होती, मिठीवरचे भराव, अतिक्रमणं सगळं त्यांच्या 2006 च्या अहवालात आहे. त्यातलं घे, खाली नाव टाक. सरकारी अहवाल काढायला कोण सांगेल? तिच्या गाइडलाही बरं.

खडूस_ठाणेकर
हे मात्र पटलं. (स्लो_लोकल, किती लिहिता हो, नावाला जागलात.)

कुर्लेकरीण
अपडेट देते. ओहोटी, तुमचा सल्ला तिला आवडला, रात्रभर बसून तो अहवाल चाळला. स्लाइडवर आता वर मोठ्या अक्षरात 'महाराष्ट्र शासन, सत्यशोधन समिती' आहे आणि लाल गोल तसेच. कार्याध्यक्ष पाच मिनिटं बघत राहिले, मग म्हणाले शासनाचं आहे तर माझी काही हरकत नाही, पण साहेब यायच्या आत ती स्लाइड होऊन जाऊ दे, ते नऊशिवाय येत नाहीत. भाची म्हणाली मग मी सव्वानऊला ठेवते.

अस्वल मात्र तिने काढलं. काका हळहळले.

रविवारी आरतीनंतर साडेआठला आहे, जवळपासचे या, पाऊस असला तर स्टेशनच्या पश्चिमेकडून येऊ नका, तिथे गुडघाभर साचतं.