इन्फर्ड रिसोर्स म्हणजे 'अनुमानित साठा' का?

भाषांतरवाला
एका खाणकंपनीच्या माहितीपत्रकाचं मराठी चालू आहे. पहिल्याच पानावर गुंतवणूकदारांना सावध करणारा परिच्छेद आहे. आशय असा: मेझर्ड, इंडिकेटेड आणि इन्फर्ड या वर्गांत (जमिनीखालच्या खनिजाच्या अंदाजाचे उतरत्या भरवशाचे तीन वर्ग, तिन्ही मिळून रिसोर्स) दाखवलेलं खनिज सगळं किंवा त्यातलं काही पुढे रिझर्व्ह, म्हणजे खोदून विकायला परवडणारं, ठरेल असं धरून चालू नका. इन्फर्डच्या बाबतीत तर ते तिथे आहे हेसुद्धा धरून चालू नका.

मी केलं ते असं: 'अनुमानित साठ्यांपैकी सर्व किंवा कोणताही भाग राखीव साठ्यांत रूपांतरित होईल असे गृहीत धरू नये.' तपासणाऱ्याने तीन ठिकाणी लाल खुणा केल्या आहेत: 'अनुमानित साठा', 'सर्व किंवा कोणताही', आणि 'राखीव'. पहिल्यावर मी अडून आहे, वर्तमानपत्रांत सर्रास तसंच येतं. बाकी दोन्हींचं काय करावं?

ताळेबंद
'राखीव' आजच काढा. राखीव जंगल, राखीव जागा, राखीव निधी, प्रत्येक ठिकाणी कुणीतरी काहीतरी बाजूला काढून ठेवलेलं असतं. वाचणाऱ्याला वाटेल कंपनीने अडीअडचणीसाठी सोनं मागे ठेवलंय.

रिझर्व्ह म्हणजे मेझर्ड आणि इंडिकेटेड यांतला तेवढाच भाग, जो खोदून विकला तर परवडतो हे निदान पूर्वव्यवहार्यता अभ्यासाने (खाण परवडेल का याच्या प्राथमिक तपासणीने) दाखवलेलं आहे. खोदताना मिसळणारा निकामी खडक, प्रक्रियेत वाया जाणारा धातू, जमीन, पाणी, परवाने, बाजारभाव हे सगळं विचारात घेऊन. इन्फर्डमधून थेट रिझर्व्हमध्ये जायची वाटच नाही, आधी आणखी वेधन करून (जमिनीत खोल छिद्रं पाडून) ते इंडिकेटेडमध्ये चढावं लागतं. मी 'उत्खननयोग्य साठा' म्हणेन.

शुद्धमती
मुळात इन्फर्ड, रिझर्व्ह, रिसोर्स ही देवनागरीत लिहिलेली इंग्रजी झाली. रिसोर्सला 'खनिजसंपदा' आणि रिझर्व्हला 'खनिजनिधी' असे दोन स्वच्छ शब्द घ्यावेत. रिसोर्सला कुणी 'संसाधन' म्हणेल, पण ते तर हिंदीतून उचललेलं आहे, आपल्याकडे साधनसंपत्ती आहे की.

ताळेबंद
निधी म्हटलं की गुंतवणूकदाराला फंड आठवतो. म्युच्युअल फंडवाले वाचणार आहेत हे, वेदपाठशाळा नाही.

गाभानमुना
तुम्ही 'राखीव'वर भांडताय, पण खरा घोळ 'साठा' या शब्दात आहे. तपासणाऱ्याची पहिली खूण तिथेच असावी.

साठा म्हणजे साठवलेलं. धान्याचा साठा, औषधांचा साठा, गोदामातला साठा: तो आहे यात शंका नसते, फार तर किती आहे यात असते. इन्फर्डबद्दल तुमचा परिच्छेद म्हणतो की ते आहे हेही धरू नका. म्हणजे इशारा एका हाताने दिला आणि नामाने दुसऱ्या हाताने काढून घेतला.

आकडा येतो कसा ते बघा. समजा सोन्याच्या एका शिरेत (खडकातल्या सोनं असलेल्या पट्ट्यात) काही वेधनछिद्रं घेतली. शीर ४०० मीटर लांब, २०० मीटर खोल, ५ मीटर जाड धरली. ४ लाख घनमीटर. घनता घनमीटरला २.७ टन धरली की १०.८ लाख टन. सरासरी टनामागे २ ग्रॅम सोनं, म्हणजे २,१६० किलो. आता यातलं काय मोजलंय? फक्त छिद्रांतून वर आलेला गाभा, म्हणजे खडकाची कांडी. दोन छिद्रांच्या मधलं सगळं धरलेलं आहे. घनता प्रत्यक्षात २.५ निघाली तर २,००० किलो उरतात. छिद्र शिरेला ३० अंशांच्या कोनात छेदून गेलं असेल आणि गाभ्यातली ५ मीटर लांबी हीच जाडी समजली असेल, तर खरी जाडी २.५ मीटर. आकडा थेट निम्मा, १,०८० किलो. मध्येच एखाद्या भ्रंशाने (खडक तुटून सरकल्याने) शीर सरकली असेल तर त्याहूनही कमी. एकाच छिद्रात टनामागे ८० ग्रॅम दाखवणारा एखादा नमुना आला आणि त्याला वरची मर्यादा न लावता तो हिशेबातल्या आजूबाजूच्या सगळ्या खडकाला लावला, तर नसलेलं सोनं कागदावर उगवतं.

याला साठा म्हणायचं?

बोलीचाली
मग 'अंदाज' आहेच की. 'अंदाजित खनिज'. फारसीत अंदाज हा 'फेकणे' या क्रियापदाचा अंश आहे, तिरंदाज आणि गोलंदाज त्यातलेच. अंदाज म्हणजे फेकलेला आकडा, याहून प्रामाणिक शब्द कुठला?

गाभानमुना
व्युत्पत्ती झकास आहे, पण चालणार नाही. मेझर्डसुद्धा अंदाजच असतो. तिन्ही वर्ग अंदाजाचेच, फरक भरवशाचा. खनिजाचे आकडे कसे जाहीर करावेत हे ठरवणारी ऑस्ट्रेलियाची जॉर्क संहिता तर स्पष्ट सांगते की रिसोर्सचे आकडे हे अंदाज आहेत, काटेकोर गणित नव्हे, आणि ते पूर्णांकित करून द्यावेत. सगळ्या वर्गांना जे लागू आहे ते एकाच वर्गाचं नाव कसं होईल?

बोलीचाली
बरं, 'अदमास'? 'अटकळ'?

ताळेबंद
अटकळ म्हटलं तर कंपनी कोर्टात जाईल. पुरावा थोडा का होईना असतो, निव्वळ अटकळीला इन्फर्डसुद्धा म्हणता येत नाही. त्याला जॉर्कमध्ये 'एक्स्प्लोरेशन टार्गेट' असं वेगळं खातं आहे. तिथे एक आकडा देताच येत नाही, टनभार आणि धातूचं प्रमाण दोन्ही 'इतके ते इतके' असेच द्यावे लागतात. अटकळ हा शब्द त्याच्यासाठी ठेवा.

नैयायिक
'अनुमानित'ला इतक्या सहज सोडू नका, आणि इतक्या सहज स्वीकारूही नका.

न्यायशास्त्रात अनुमान हे प्रमाण आहे. पर्वतावर धूर दिसला, जिथे धूर तिथे अग्नी ही व्याप्ती माहीत आहे, म्हणून पर्वतावर अग्नी आहे. हे ज्ञान पक्कं मानलं जातं, 'असेल बुवा' असं नव्हे. रोजच्या मराठीत अनुमान घसरून तर्कापर्यंत आलंय हे खरं, पण 'निष्कर्ष' ही छटा अजून शिल्लक आहे. 'अनुमानित' वाचून शिकलेला माणूस जास्त विश्वास ठेवेल, कमी नाही.

आता इन्फर्डची व्याख्या बघा. कॅनडाच्या सीआयएम या खाणतज्ज्ञांच्या संस्थेच्या २०१४ च्या व्याख्यांत शब्दांची उतरंड आहे: मेझर्डमध्ये पुरावा खनिजाच्या सलगतेची खात्री करतो, इंडिकेटेडमध्ये ती गृहीत धरण्याइतका असतो, इन्फर्डमध्ये ती फक्त सूचित करतो, पडताळत नाही. म्हणजे एका छिद्रापासून दुसऱ्या छिद्रापर्यंत खनिज अखंड आहे, ही व्याप्तीच इथे सिद्ध नाही. व्याप्ती नसलेल्या अनुमानाला नैयायिक हेत्वाभास, म्हणजे सदोष कारण, म्हणेल.

शुद्धमती
अप्रतिम! मग 'संभावित खनिजसंपदा' घ्या.

ताळेबंद
'प्रॉबेबल' रिझर्व्हला काय ठेवाल मग? तो रिझर्व्हचा उपवर्ग आहे, इन्फर्डपेक्षा कितीतरी भरवशाचा. 'संभाव्य' त्याच्यासाठी लागतो. 'संभावित' आणि 'संभाव्य' शेजारी ठेवले तर गुंतवणूकदार सोडा, मुद्रितशोधकसुद्धा चुकेल.

भाषांतरवाला
नैयायिक, तुमच्या प्रतिसादाने माझी अडचण वाढवली. इंडिकेटेडला मी 'सूचित' केलंय. आणि तुम्ही म्हणता इन्फर्डच्या व्याख्येत सलगता 'सूचित' होते. म्हणजे वरच्या वर्गाचं नाव खालच्या वर्गाच्या व्याख्येत येऊन बसलं.

नैयायिक
होय, तो गोंधळ आहे. इंडिकेटेडला 'निर्देशित' करा आणि व्याख्येत 'सलगता सुचते, पण पडताळलेली नाही' असं साधं क्रियापद ठेवा.

बोलीचाली
पिकाच्या आणेवारीसारखंच आहे हे. चार ठिकाणी कापून बघायचं आणि सगळ्या गावचा आकडा लिहायचा.

गाभानमुना
एका फरकासह. शेतात उभं पीक डोळ्यांना दिसतं. इथे ३०० मीटर खाली दोन छिद्रांच्या मध्ये काय आहे ते खोदेपर्यंत कुणीच पाहत नाही. आणि किती अंतरावर छिद्रं घेतली की इंडिकेटेड, याचं एक माप सगळीकडे लावता येत नाही. कोळशाचा थर किलोमीटरभर सारखा राहू शकतो, सोन्याची शीर काही मीटरांत बारीक होऊन संपते.

ताळेबंद
'साठा' शब्दाने काय होतं याचं उदाहरण फार लांब नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये उत्तर प्रदेशातल्या सोनभद्रमध्ये ३,००० टनांहून जास्त 'सोन्याचा साठा' सापडल्याच्या बातम्या आल्या. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला खुलासा करावा लागला: ५२,८०६.२५ टन खनिज, टनामागे सरासरी ३.०३ ग्रॅम सोनं, एकूण सुमारे १६० किलो. 'साठा' हा शब्द नसता तर लोकांनी आधी विचारलं असतं, टन कशाचे, खडकाचे की सोन्याचे?

जम्मूतल्या रियासीचं लिथियमही तसंच. फेब्रुवारी २०२३ च्या घोषणेत ५९ लाख टन आणि सोबत 'इन्फर्ड, जी-३' हे शब्द होते. जी-३ म्हणजे प्राथमिक अन्वेषण, वर जी-२ आणि जी-१ तेव्हा बाकी होते. मथळ्यांत राहिलं काय? साठा. पुढे त्या पट्ट्याच्या लिलावाला पुरेसे बोलीदारही मिळाले नाहीत.

गाभानमुना
अवांतर, पण सांगतोच: सोनभद्रच्या खुलाशातले '.२५ टन' बघा. जमिनीखालच्या खडकाचा अंदाज, पाव टनापर्यंत. गुणाकार करताना गणकयंत्राने दिलेले आकडे कुणी पुसलेच नाहीत. वाचणाऱ्याला इतके अंक दिसले की तो समजतो कुणीतरी वजनकाट्यावर तोललंय. इशाऱ्याचा परिच्छेद कितीही चांगला लिहा, खालच्या तक्त्यात दशांश असतील तर तो फुकट.

शुद्धमती
बुसांगचं उदाहरण कुणीच दिलं नाही? ब्रे-एक्स कंपनीचं इंडोनेशियातलं सोनं, १९९७. अनिश्चित साठ्याचं याहून मोठं उदाहरण नसेल.

ताळेबंद
ते अनिश्चित नव्हतं, बनावट होतं. नमुन्यांत बाहेरून सोनं मिसळलेलं होतं आणि गाभा उभा चिरून अर्धा जपून ठेवण्याऐवजी जवळजवळ सगळाच चुरून टाकल्यामुळे फेरतपासणी अवघड झाली. त्यातून खनिजाचे आकडे जाहीर करण्याबद्दलचा कॅनडाचा एनआय ४३-१०१ हा नियम २००१ मध्ये आला हे खरं. पण आपला परिच्छेद लबाडीबद्दल नाही. प्रामाणिकपणे काढलेला आकडाही चुकू शकतो, हे तो सांगतो. दोन्ही एकत्र केले की वाचणाऱ्याला वाटतं, कंपनी सचोटीची आहे ना, मग आकडा खरा.

भाषांतरवाला, आणखी एक. तुमचा मजकूर जुन्या साच्यातला दिसतो. अमेरिकेच्या एसईसी या शेअरबाजार नियामकाकडे जुन्या नियमात रिसोर्स जाहीर करायची साधारणपणे मुभाच नव्हती, फक्त रिझर्व्ह. म्हणून कॅनडातल्या कंपन्या अमेरिकी गुंतवणूकदारांसाठी हा परिच्छेद चिकटवायच्या. १ जानेवारी २०२१ पासून सुरू होणाऱ्या आर्थिक वर्षांना एस-के १३०० हे नवे नियम सक्तीचे झाले आणि तिन्ही वर्ग तिथेही मान्य झाले. मूळ परिच्छेद कुठल्या सालचा आहे ते कंपनीला विचारा, नाहीतर कालबाह्य इशाऱ्याचं शुद्ध मराठी कराल.

भाषांतरवाला
विचारतो. पण 'सर्व किंवा कोणताही भाग' राहिलंच.

नैयायिक
तुमच्या वाक्यात नकार शेवटी एकदाच येतो आणि तो 'सर्व'ला लागतो. 'सर्व भाग रूपांतरित होईल असे गृहीत धरू नये' याचा मराठीत सरळ अर्थ 'सगळा नाही, थोडा होईल'. इशाऱ्याच्या नेमका उलट. दोन नकार करा: 'हे खनिज पुढे उत्खननयोग्य ठरेलच असे नाही, त्याचा थोडासा भागही तसा ठरेल असे धरू नये.'

शुद्धमती
'धरू नये' की 'समजू नये'?

गाभानमुना
वाक्य चांगलं आहे, त्यात एक ओळ वाढवा: इन्फर्डचा आकडा इतर दोन वर्गांच्या बेरजेत मिळवू नये. कॅनडाच्या नियमात ते मना आहे. अनुवादात 'एकूण साठा' असा एक गोंडस स्तंभ तयार होतो आणि तिन्ही आकडे त्यात पडतात.

वर्गाच्या नावाचं म्हणाल तर मी 'अपडताळित खनिज' सुचवेन. कानाला खडबडीत आहे, पण खोटं बोलत नाही.

बोलीचाली
अपडताळित! हा शब्द उच्चारतानाच शीर सरकेल. आणि 'खनिज' का? 'धातुक' म्हणा, दहावीच्या पुस्तकातला शब्द आहे.

गाभानमुना
त्याच पुस्तकातली व्याख्या वाचा: ज्या खनिजापासून धातू सोयीने आणि फायदेशीरपणे वेगळा करता येतो ते धातुक. फायदा हा शब्दाच्या पोटातच आहे. इन्फर्डचा फायदा सिद्ध झालेला नसतो, म्हणून त्याला धातुक म्हणणं म्हणजे रिझर्व्हची टोपी घालणं. जॉर्कही 'ओर' (धातुक) हा शब्द रिझर्व्हपुरताच ठेवते.

बोलीचाली
मग लोहखनिज? रोज जहाजं भरून विकलं जातं, फायद्यात. त्याला लोहधातुक कुणी म्हणत नाही.

शुद्धमती
म्हणायला हवं.

ताळेबंद
कोण म्हणणार, गोदीतले हमाल?

भाषांतरवाला, यांचं चालू द्या. तुमच्या मजकुरात 'उच्च प्रतीचे सोने' असं कुठे असेल तर तेही बघा. तिथला ग्रेड म्हणजे टनामागे किती ग्रॅम, सोन्याचा कस नव्हे. प्रत म्हटलं की लोक २४ कॅरेट समजतात.

शुद्धमती
ग्रेडला 'कस' का नको? सोन्याचाच शब्द आहे.

ताळेबंद
म्हणूनच नको. कसोटीवर घासून शुद्धता बघतात, खडकात सोनं किती ते नाही. 'प्रमाण' लिहा.

बोलीचाली
'टक्का'?

गाभानमुना
टनामागे २ ग्रॅम म्हणजे ०.०००२ टक्के. लिहा बघू तक्त्यात.