पोलीस 'चोवीस तास पोलीस' असतो म्हणे!

जर्सीकर
काल गणेशोत्सवाच्या धाग्यावर तात्यांनी जाता जाता लिहून टाकलं: "पोलीस चोवीस तास पोलीसच असतो. सुट्टीवर दुसऱ्या राज्यात गेला तरी कमरेला पिस्तूल हवंच, त्यात ओरडण्यासारखं काय?" तिथे विषयांतर नको म्हणून गप्प बसलो, पण रात्री झोप लागेना. म्हणून हा वेगळा धागा.

तात्या, ज्या लिओसाच्या जोरावर तुम्ही बोलताय, तो २००४ चा, बुशसाहेबांच्या सहीचा अमेरिकेचा केंद्रीय कायदा. खात्याचं ओळखपत्र असेल आणि नेमबाजीची चाचणी पास असाल, तर राज्याचा कायदा काही का म्हणेना, पिस्तूल लपवून बाळगा, एवढंच तो सांगतो. अटक करायचा अधिकार देत नाही. म्हणजे ओहायोचा पोलीस आमच्या न्यू जर्सीत आला की तो पिस्तूलवाला पर्यटक. 'चोवीस तास पोलीस' आला कुठून?

निवृत्तांची तर आणखी मजा. सगळी मिळून दहा वर्षं नोकरी (२०१० पर्यंत पंधरा लागायची), वर्षातून एकदा स्वखर्चाने नेमबाजी, झालं. आमच्या शेजारी असेच एक आजोबा आहेत. चार जुलैला मागच्या अंगणात कणसं भाजत होते. पडलेला चिमटा उचलायला वाकले, शर्ट वर सरकला, आणि पँटच्या आत खोचलेली काळी मूठ माझ्या सात वर्षांच्या लेकीने माझ्याआधी पाहिली. "बाबा, खरी आहे?" आजोबांच्या दुसऱ्या हातात बिअर. नशेत असाल तर कायद्याचं संरक्षण नाही, हे मला माहीत आहे. कितवी बिअर, हे विचारायला मी पुढे गेलो नाही. तुम्ही गेला असता?

टेक्सासचा तात्या
बिअर दिसली, कितवी ते दिसलं नाही. आणि त्यावर एवढा मोठा लेख! माझ्या अंगणात पिस्तूल नको, असं घरमालक म्हणू शकतो, सरकारी इमारतींत राज्य बंदी घालू शकतं. हे तुम्ही सोयीस्करपणे गाळलंत. बाकी तुमच्या जर्सीने निवृत्त पोलिसांकडे वेगळं परमिट मागून बघितलं, होलो पॉइंट (अंगात शिरल्यावर फुलणाऱ्या) गोळ्यांवरून छळून बघितलं. २०२४ मध्ये तिसऱ्या सर्किटच्या केंद्रीय अपील कोर्टाने कान उपटले. विषय संपला.

वैदेही
संपला नाही. माझा मुलगा पेनसिल्व्हेनियात पोलीस आहे, म्हणून लिहितेय.

दिवाळीआधी आम्ही जर्सीतल्या एडिसनला ओक ट्री रोडवर खरेदीला गेलो होतो. फराळाच्या दुकानात तो बोलता बोलता थांबला. माझा दंड धरून हळूच म्हणाला, "आई, पिशवी घे आणि गाडीकडे चल. मागे बघू नकोस." वर्षभरापूर्वी त्याने पकडलेला माणूस बिलाच्या रांगेत उभा होता. त्यानेही ओळखलं होतं, नुसता हसला. झालं काहीच नाही. पण गाडीत बसल्यावर पाहिलं, मी पिशवी इतकी आवळून धरली होती की चकल्यांचा भुगा झाला होता.

दोन राज्यांमधल्या डेलावेअर नदीच्या त्या काठाला पोलीस आणि या काठाला पर्यटक, हे त्या हसणाऱ्याला कोण सांगणार?

जर्सीकर
ताई, तुमच्या भीतीबद्दल मी काय बोलणार. पण तीच नदी २०१३ मध्ये फिलाडेल्फियाच्या एका एकट्या आईने ओलांडली. हातात पेनसिल्व्हेनियाचं रीतसर परमिट. ट्रॅफिक पोलिसाने अडवल्यावर तिने आपणहून सांगितलं, पिस्तूल आहे. अटक! काही वर्षांच्या सक्तीच्या कैदेची टांगती तलवार. २०१४ मध्ये तुरुंग टळला, २०१५ मध्ये जर्सीचे तेव्हाचे गव्हर्नर क्रिस क्रिस्टी यांनी माफी दिली. तिला का नाही लिओसा?

टेक्सासचा तात्या
मग तिलाही द्या! सगळ्यांना द्या! मी कधी नाही म्हटलं?

जर्सीकर
आलं पोटातलं ओठावर.

कोल्हापुरी काका
आमचे वडील फौजदार. ड्युटी संपली की रिव्हॉल्वर ठाण्यात जमा, राउंड मोजून, रजिस्टरवर सही. निवृत्तीनंतर स्वतःसाठी लायसन्स मागितलं तर चौदा महिने हेलपाटे. दर निवडणुकीला ते रिव्हॉल्वर पुन्हा जमा करायचं, आणि तेही ज्या ठाण्यात एकेकाळी लोक त्यांना उठून सॅल्यूट ठोकायचे तिथेच! तुमची भांडणं श्रीमंतांची आहेत.

अर्धवटराव
पिस्तूल राहू द्या, कार्डाचं बोला. मी आणि ऑफिसातला मित्र, एकच पार्कवे, एकच आठवडा, वेगही जवळपास तोच. मला तिकीट, पॉइंट, कोर्टाची फेरी. त्याने पाकिटातून मेव्हण्याने दिलेलं, पोलीस आपल्या नातलगांना वाटतात ते पोलीस युनियनचं कार्ड काढलं, "हॅव अ गुड डे सर"! न्यूयॉर्कच्या एका ट्रॅफिक पोलिसाने कार्डवाल्यांनाही तिकिटं दिली, तर खात्याने त्यालाच छळलं म्हणे. त्याने खटला भरला, २०२४ मध्ये शहराने १,७५,००० डॉलर देऊन मिटवला. तुमच्या आमच्या करातून.

जर्सीकर
+१. हेच म्हणतोय, वेगळी जात तयार झाली आहे.

टेक्सासचा तात्या
कार्डाचा आणि पिस्तुलाचा काय संबंध?? उद्या पोलिसांचे लाडके डोनटही आणा धाग्यात.

अर्धवटराव
संबंध हा, की तिकीट मला आणि नदीपलीकडे अटक त्या बाईला.

रिकामा कट्टा
एक विचारू? साध्या कपड्यातला माणूस पिस्तूल काढतो तेव्हा समोरून आलेल्या पोलिसाला काय दिसतं? २००९, हार्लेम. ओमर एडवर्ड्स, न्यूयॉर्कचाच पोलीस, ड्युटी संपवून निघालेला. त्याची गाडी फोडणाऱ्याच्या मागे पिस्तूल घेऊन धावला आणि सहकाऱ्याच्याच गोळीने मेला. काळा होता. हे स्वतःच्या शहरात. परक्या राज्यात ओळखणार कोण? ताई, आपली पोरं सावळी आहेत.

वैदेही
हे मी त्याला दर रविवारी फोनवर सांगते. "काढू नकोस, आधी ओरडून सांग." तो म्हणतो, आई, ट्रेनिंगमध्ये शिकवलंय. हे तुमचं खरं आहे, मान्य. पण पिस्तूल घरी ठेव, असं मात्र तोंडातून निघत नाही.

टेक्सासचा तात्या
बरं, बिअरवाल्या आजोबांपुरता जर्सीकरांचा मुद्दा घ्या. पदरात घ्या, घरी न्या, फ्रेम करा. निवृत्तांची चाचणी जरा कडक हवी. बाकी एक इंच मागे नाही.

अर्धवटराव
कार्डाचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.

वैदेही
माझ्या पर्समध्ये आहे एक. मुलाने दिलंय. कधी वापरलं नाही.

अर्धवटराव
मग पर्समध्ये कशाला, ताई?