पेशंटला 'दिव्यांगत्व आहे का?' हे कसं विचारायचं?

टिपणवही: प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या नव्या डॉक्टरांसाठी प्रशिक्षण-पुस्तिका मराठीत करतेय. पहिल्याच प्रश्नाला अडले: 'आपणांस दिव्यांगत्व आहे का?' मेळघाटात धारणीकडच्या एका आजींना वाचून दाखवला. "नाही बा." मग भिंतीला धरून उठल्या. "माहा पाय अधू हाये, लहानपनापासून." रकान्यात तोवर 'नाही' पडलं होतं. 'अधू' छापू का?

रकानेवाला: नको. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत, सिकलसेल हा रक्ताचा आजारसुद्धा. सिकलसेलच्या पोराला अधू म्हणणार? शासनाचा शब्द दिव्यांग, तोच ठेवा.

उंबरठा: माझा भाऊ कुबड्यांवर चालतो. 'दिव्य' ऐकलं की चिडतो. म्हणतो, अपंग म्हण, सरळ आहे.

शब्दखूण: अपंग कुठला सरळ? 'पंगू'ला 'अ' लावला तर 'पंगू नसलेला' व्हायला हवा!

जुनापुराणा: तो 'अ' नाहीच. अप + अंग. संस्कृतात 'अपाङ्ग' म्हणजे अंगात उणेपण असलेला, आणि डोळ्याचा बाहेरचा कोपराही.

शब्दखूण: कोपऱ्याचा अर्थ आधीचा असणार.

रानदवा: मी डॉक्टर आहे, नोकरी गडचिरोलीत भामरागडकडे झाली. नावच घेऊ नका. दिव्यांगत्वाच्या नोंदीसाठी जगभर वापरतात त्या वॉशिंग्टन गटाच्या सहा प्रश्नांत ते नाहीच: चष्मा लावूनही दिसायला त्रास होतो का, चालायला किंवा पायऱ्या चढायला होतो का, असं विचारतात. पण पाड्यावर पायऱ्या कुठल्या? 'टेकाड चढताना' लिहा. आणि मराठीत विचारून तरी किती पोचणार? तिकडची माडिया भाषा द्राविडी, तुमच्याकडची कोरकू मुंडा कुळातली. आशाताई सुटीवर असली की माझी ओपीडी खुणांवर चालायची. त्या दिवसांच्या नोंदींवर माझा आजही विश्वास नाही. पुस्तिकेत दुभाष्याशी कसं बोलायचं हा धडा आहे का?

टिपणवही: नाही, आता मागते. टेकाड घेतलं. पण 'त्रास' अडतोय. 'ऐकायला त्रास होतो का' विचारलं, तर आजोबा म्हणाले, कान दुखत नाही. 'ऐकायला जड जातं का' चालेल?

उंबरठा: आमच्याकडे कान जड होतो तो सर्दीने. 'कमी ऐकू येतं का' विचारा.

रकानेवाला: 'कमी' म्हटलं की माणूस लाजून नाही म्हणतो. आमच्या वडिलांनी दहा वर्षं 'नाही'च सांगितलं.

जुनापुराणा: कोपऱ्याचा अर्थ आधीचा हे कशावरून?