मदत हवी आहे: मिटल्या मुठीच्या बाळांसाठी हातखेळाची गाणी

सांगलीत विश्रामबागला आया-आज्यांसाठी बडबडगीतांचा छोटा वर्ग घ्यायचाय. सहा महिन्यांपुढच्यांचं सोपं: 'इथे इथे बस रे मोरा' म्हणत तळव्यावर बोट टेकवायचं, गुदगुल्यांआधी क्षणभर थांबायचं. खरी गंमत त्या थांबण्यातच. मोबाईलवरचं गाणं कुठलं असं थांबतंय!

अडचण दोन महिन्यांच्यांची. मूठ घट्ट मिटलेली. बोटं ओढली की आणखी आवळतात. हाताची मागची बाजू हळू चोळली की मूठ सैल होते, पण तोवर गाणं संपतं.

मिरज-तासगावकडे पोटावर, पायाच्या बोटांवर म्हणायची संथ, चार ओळींची गाणी कुणाला येतात का? चाल व्हॉइस नोटवर पाठवा. कुठल्या शब्दाला कुठे हात लावायचा, तेही लिहा. पाळण्यातली अंगाई नको. बाळ जागं असतानाचं हवंय.