दूध ‘पचत नाही’ की दुधाची ॲलर्जी? मे महिन्यात कोल्हापूरला जाण्याआधी

पत्र १: मुलीच्या आईकडून

नमस्कार मंडळी,

मुलगी २० महिन्यांची, वजन १०.५ किलो. आठव्या महिन्यात दह्याचा पहिला चमचा दिल्यावर दहा मिनिटांत तोंडाभोवती गांधी उठल्या आणि दोन उलट्या झाल्या. रक्ततपासणीत दूध आणि शेंगदाणा या दोन्हींचं आयजीई (ॲलर्जीत वाढणारं प्रतिपिंड) वाढलेलं आलं. शेंगदाणा तिनं अजून खाल्लेला नाही. तेव्हापासून दुधाचं सगळं बंद असून एक्स्टेन्सिव्हली हायड्रोलाइज्ड फॉर्म्युला (दुधाची प्रथिनं बारीक तोडलेली बाळाची पावडर) दिवसाला ४०० मिली चालू आहे. ॲड्रिनॅलिनचं पेन (तीव्र ॲलर्जीत मांडीत टोचायचं तयार इंजेक्शन) लिहून दिलेलं आहे.

तीन महिन्यांपूर्वी जुलाबांची साथ होऊन गेली. त्यानंतर दिवसातून तीन-चार वेळा सैल शी होते, त्यात गाजर-मटार जसेच्या तसे दिसतात. रात्री होत नाही, रक्त नाही. जेवण बरं आहे, वजन वाढतंय. सफरचंदाचा रस दिवसातून दोनदा, मिळून ३०० मिली.

आम्ही परदेशात राहतो; मे महिन्यात पाच आठवडे भारतात, कोल्हापूरला राजारामपुरीत मुक्काम आहे. घरून तीन सूचना आल्या आहेत: गाईचं सोसत नसेल तर म्हशीचं किंवा शेळीचं देऊन बघू, गहू बंद करू, आणि दोनशे पदार्थांची रक्ततपासणी एकदाच करून टाकू. यातलं काय करावं, काय करू नये?

पत्र २: मंडळातल्या बालरोगतज्ज्ञ काकांकडून

सौ. ताईस नमस्कार.

सगळ्यात आधी एक शब्द बाजूला ठेव. ‘दूध पचत नाही’ असं आपण दोन निरनिराळ्या गोष्टींना म्हणतो. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पचली नाही तर पोट फुगतं, आंबट वासाची पातळ शी होते, बूड लाल होतं. त्रास होतो, जीव जात नाही. तुझ्या मुलीला झालं ते दुधातल्या प्रथिनांवर शरीरानं केलेला हल्ला आहे. तिथं अर्धा चमचाही जिवावर बेतू शकतो. कोल्हापुरात कुणाही डॉक्टरांना ‘पचत नाही’ असं सांगू नकोस. ‘दही दिल्यावर दहा मिनिटांत गांधी आणि उलटी’ असं वेळेसकट सांग, म्हणजे निम्मं निदान तिथंच होतं.

मिनिटांपासून दोन तासांत गांधी, सूज, खोकला, उलटी आली तर आयजीईची ॲलर्जी. एक ते चार तासांनी एकामागून एक उलट्या, मूल पांढरंफटक आणि मलूल, पण अंगावर काही नाही, हा वेगळा आजार आहे. त्यात आयजीई तपासणी बहुतेक वेळा कोरी येते आणि अपराधी पदार्थ कधी कधी तांदूळही असतो. दिवस-दोन दिवसांनी शीमधून रक्त-आव पडणं हा तिसरा प्रकार. म्हणून वहीत काय दिलं, किती, किती वाजता आणि त्रास किती वाजता, एवढं लिहायचं.

म्हशीचं आणि शेळीचं दूध द्यायचं नाही. प्रथिनं इतकी सारखी आहेत की गाईच्या दुधाची ॲलर्जी असलेल्या बहुतेक मुलांना शेळीचंही चालत नाही. ए-टू दुधानंही फरक पडत नाही, लॅक्टोज-फ्री दुधानं तर मुळीच नाही, त्यात प्रथिनं तशीच असतात. उकळून, आटवून केसीनची (दुधातल्या मुख्य प्रथिनाची) ॲलर्जी जात नाही. बासुंदी आणि खवा तेवढेच धोक्याचे. ‘भाजलेलं दूध चालतं’ असं तुझ्या वाचनात येईल. ते मैद्यात मिसळून भट्टीत १८० अंशांवर अर्धा तास भाजलेल्या केकबद्दल आहे, तव्यावरच्या दशमीबद्दल नाही. आणि तो प्रयोगही ॲलर्जीतज्ज्ञांच्या सांगण्यावरूनच सुरू करायचा.

आता सैल शी. वजन वाढतंय, रात्री होत नाही, रक्त नाही, न चावलेली भाजी तशीच बाहेर येते: हे चित्र लहानग्यांच्या साध्या जुलाबाचं आहे. माझा संशय रसावर आहे. सफरचंदाच्या रसातलं सॉर्बिटॉल आणि जादा फ्रुक्टोज आतड्यात शोषलं जात नाही, ते पाणी ओढून आणतं. रस दोन आठवडे पूर्ण बंद कर, त्याऐवजी पाणी दे आणि फळ अख्खं दे. वरणभातावर तेल सोड. चरबी फार कमी असली तर अन्न आतड्यातून लवकर पुढं सरकतं. फॉर्म्युलाच्या डब्यावर लॅक्टोज लिहिलंय का तेही बघ, काही हायड्रोलाइज्ड प्रकारांत ते असतं. जुलाबानंतर लॅक्टोजचा त्रास बहुधा दोन-चार आठवड्यांत ओसरतो, तीन महिने टिकला तर कारण दुसरं शोधावं. रस बंद करूनही फरक नाही पडला, तर जिआर्डियासाठी (आतड्यातल्या परजीवीसाठी) वेगवेगळ्या दिवशीचे शीचे तीन नमुने तपासायचे.

गहू बंद करू नकोस. सिलिॲकची (गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होते त्या आजाराची) शंका असेल तर रक्तातलं टीटीजी-आयजीए आणि त्याच्याच जोडीला एकूण आयजीए तपासायचं, आणि ते गहू खात असतानाच. महिनाभर गहू बंद करून रक्त दिलं तर तपासणी खोटी निर्धास्त करते.

दोनशे पदार्थांचे जे पॅनेल विकतात, त्यांतले बरेच आयजीजी मोजतात. आयजीजी म्हणजे तो पदार्थ पोटात गेल्याची खूण, ॲलर्जीची नव्हे. त्या कागदावर विसंबून भात, डाळ, केळं बंद केलेली मुलं वजनानं खचतात. शेंगदाण्याचं आयजीई वाढलेलं आहे तेही नुसतं संवेदन आहे, म्हणजे शरीरानं तो पदार्थ ओळखल्याची खूण. ॲलर्जी आहे की नाही हे तज्ज्ञांसमोर, रुग्णालयात थोडं थोडं खायला देऊनच ठरतं. ते परत आल्यावर. तोवर शेंगदाणा नाही, आणि कोल्हापुरात एकही नवा पदार्थ नाही.

वजन एका महिन्यात घटलं, शीत रक्त दिसलं, हिरवी उलटी झाली किंवा पोट ताठ फुगलं, तर यातलं काही वाचत बसू नकोस, थेट दाखव.

पत्र ३: आहारतज्ज्ञ वहिनींकडून

ताई, काकांनी औषधाचं सांगितलं, मी स्वयंपाकघराचं सांगते. कोल्हापूरच्या घरात दूध समोर दिसतं, ते टाळता येतं. शेंगदाणा दिसत नाही, खरी भीती त्याची.

दाण्याचं कूट कोशिंबिरीत, भरल्या वांग्यात, पालेभाजीत, उपवासाच्या सगळ्यात. दाण्याची चटणी ज्या मिक्सरच्या भांड्यात होते, त्यातच बाळाची डाळ घोटली जाते. खलबत्ता दगडी असेल तर त्याच्या छिद्रांत कूट राहतं, धुऊन जात नाही. तिच्यासाठी एक लहान भांडं, एक डाव, एक पातेलं नवं घ्या आणि त्यांना लाल दोरा बांधा; घरातल्या मावशींनाही सांगा. तेल विचारा: रिफाइंड शेंगतेलात प्रथिनं जवळपास उरत नाहीत, पण लाकडी घाण्याच्या तेलात उरतात. तिच्यापुरतं सूर्यफुलाचं ठेवा.

पांढऱ्या रश्श्यात काजू, खसखस, तीळ. तांबड्या रश्श्यात आणि कांदा-लसूण मसाल्यात तीळ-खोबरं. ती आजवर तीळ आणि काजू खाऊन ठीक असेल तरच. भडंग आणि मिसळीवरचं फरसाण सुटं मिळतं, त्यावर लेबल नसतं. पाकिटावर एफएसएसएआय या भारताच्या अन्नसुरक्षा संस्थेच्या २०२० च्या नियमांप्रमाणे दूध, शेंगदाणा, सोया, गहू, अंडं, मासे यांची सूचना द्यावी लागते, पण त्या यादीत तीळ नाहीत; परदेशातल्या लेबलांची सवय भारतात कामाची नाही. बेकरीच्या खारी-नानकटाईत लोणी आणि काजूचा भरवसा नसतो. साजूक तुपात दुधाच्या प्रथिनांचे अंश राहतात, म्हणून तूपही नको. बाळगुटीत बदाम उगाळतात, तीही नको.

आणि हातावरचा पेढा. अंबाबाईच्या देवळातून आलेला प्रसाद, शेजारच्या काकूंचा कौतुकाचा घास, कुणी गंगावेशीतल्या कट्ट्यावरून आणलेलं धारोष्ण दूध. नको म्हणायला जड जातं, म्हणून पहिल्याच दिवशी सासूबाईंनीच सगळ्यांना सांगावं. घरात त्यांचा शब्द चालतो, आपला नाही. त्या ते प्रेमानं करतील, फक्त कारण त्यांना नीट समजावा.

कॅल्शियमची गरज या वयात रोज ५०० मिग्रॅ. ४०० मिली फॉर्म्युलातून किती मिळतं ते डब्यावर वाचा. नाचणीच्या ३० ग्रॅम पिठातून साधारण १०० मिग्रॅ मिळतं. आंबील ताकाऐवजी पाण्यात रात्रभर आंबवून, वर जिरं-मीठ. नारळाचं दूध आमटीत घाला, पण दुधाची जागा ते घेत नाही, प्रथिनं फार कमी. आंबा खाल्ल्यावर नुसतं ओठांभोवती लाल झालं तर ते बरेचदा देठाच्या चिकानं होतं. आंबा पाण्यात भिजवून, देठाकडचा भाग जाड कापून, साल काढून द्या, तोंड लगेच पुसा. गांधी अंगभर उठल्या तर मात्र तो चीक नव्हे.

पत्र ४: मुलीच्या आईकडून

वहिनी, काका, फार आभार. रस कालपासून बंद केला. एकच विचारते: तिकडे गांधींना ‘पित्त उठलं’ म्हणतात आणि आमसुलाचं पाणी लावतात. आधी अँटीहिस्टामिन (ॲलर्जीवरचं औषध) देऊन थोडं थांबून बघायचं का?

पत्र ५: बालरोगतज्ज्ञ काका

नुसत्या चार-दोन गांधी असतील, मूल खेळतंय, तर अँटीहिस्टामिन देऊन डोळ्यांत तेल घालून दोन तास बघ. पण गांधींच्या जोडीला खोकला, घरघर, आवाज बसणं, वारंवार उलट्या किंवा मलूलपणा यांतलं काहीही आलं, की आधी ॲड्रिनॅलिन, मग बाकीचं. अँटीहिस्टामिन श्वासनलिकेची सूज आणि रक्तदाब सावरत नाही, आमसूल तर नाहीच. पेन मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मध्यावर टोच, कपड्यावरूनही चालतं. मूल आडवं ठेव, पाय उंच. उलटी होत असेल तर कुशीवर, धाप लागली असेल तर मांडीवर बसवून. उभं करून चालवू नका. पाच मिनिटांत उतार नसेल तर दुसरं पेन. १०८ ला फोन पहिल्या पेनबरोबरच. बरं वाटलं तरी रुग्णालयात काही तास थांबायचं, लक्षणं परत उलटू शकतात.

भारतात तशी पेनं दुकानात सहज मिळत नाहीत, म्हणून इथूनच चार ने, मुदत तपासून, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या पिशवीत. फ्रीजमध्ये नाही, उन्हातल्या गाडीत नाही. रुग्णालयात ॲड्रिनॅलिनचे ॲम्प्यूल (औषधाच्या काचेच्या कुप्या) असतात: १ मिलीत १ मिग्रॅ. मात्रा किलोला ०.०१ मिग्रॅ, म्हणजे तिला साधारण ०.१ मिली, स्नायूत. हे चिठ्ठीवर मराठीतून लिहून फ्रीजच्या दारावर लाव.

राजारामपुरीहून सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, गावातच आहे. पन्हाळा वीसेक किलोमीटर, राधानगरी-गगनबावडा पन्नासेक. तिकडे सहलीला निघालात तर दोन पेनं आणि तिचा डबा गाडीत नव्हे, तिला सांभाळणाऱ्याच्या खांद्यावर.