बाथरूम फोडायचंय, तीन कोटेशनं आलीत. कुणावर भरवसा ठेवू?

सूनबाई_डोंबिवली

आमची इमारत १९९६ची, आम्ही दुसऱ्या मजल्यावर. बाथरूम साडेसहा बाय चार फूट, घरात एकच. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना उंबरठा ओलांडवत नाही. त्यात खालच्या काकूंच्या छताला ओल आलीय, म्हणजे आता फोडण्यावाचून इलाज नाही.

तीन जण बघून गेले. पहिल्याने टेप न लावताच ८५ हजार सांगितले, निम्मे आगाऊ. "ताई, दहा दिवसांत चकाचक." दुसऱ्याचे १ लाख ४० हजार, वर १८ टक्के जीएसटी, पण कागदावर फर्मच्या नावापलीकडे काही नाही. तिसरे वयस्कर, १ लाख ६५. बोलले फारसे नाहीत, नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे पाणी जायच्या तोंडात, बॅटरी मारून बघत बसले होते.

नवऱ्याला पहिला पसंत आहे. मला मात्र त्याच्या मोबाइलमधले फोटो बघूनच शंका आली, प्रत्येक बाथरूम पंचतारांकित हॉटेलातलं! कसं ओळखायचं?

कोथरूडचा_पोळलेला

ताई, टेप न लावणारा आमच्याकडेही आला होता, २०२२ साली. मी शहाण्याने साठ टक्के रक्कम हातात ठेवली. पहिल्याच दिवशी दोन पोरं आली आणि जेवायच्या सुट्टीपर्यंत सगळं फोडून मोकळी. ठेवायचा म्हणून सांगितलेला फ्लश टँकसुद्धा फोडला. मग अकरा दिवस कुणी फिरकलं नाही. बाथरूम एकदा फुटलं की आपण कुठे जाणार, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. पैसे घ्यायचे, फोडून ठेवायचं आणि पुढच्या साइटवर तेच करायचं. अकरा दिवस आम्ही चौघं टॉवेल घेऊन मेहुण्याकडे आंघोळीला जात होतो. बायको अजून ऐकवते.

खरा चुना पुढे लागला. वॉटरप्रूफिंग केमिकलची वीस लिटरची बादली त्याने कोपऱ्यात आणून ठेवली, मी खूश. संध्याकाळी ऑफिसातून येतो तर फरशी बसलेली! "दोन हात मारले साहेब, एकदम कडक." बादलीचं झाकण काढलं तर तळाला वाळलेलं सिमेंट आणि एक मोडकी थापी. पाणी वाहायची बादली होती ती. पुढच्या गणपतीत खालच्यांच्या छताला पोपडे धरले.

तेव्हा माझ्याकडून एवढंच घ्या. काम केलेल्या घरमालकाचा नंबर मागू नका, तो त्याचा साडूसुद्धा असू शकतो. दोन पावसाळे झालेलं काम कुठे आहे ते विचारा आणि त्याच्या खालच्या मजल्यावरची बेल वाजवा.

साइटवरचा_म्हातारा

नाशिकला ३१ वर्षं सुपरवायझरी केली, म्हणून लिहितो. स्वस्त सांगणारा लबाडच असतो असं नाही. ८५ मध्ये काय काय धरलंय ते आधी लिहून घ्या. नळ-फिटिंग कुणाचं? डेब्रिज खाली उतरवून गाडीत भरणं कुणाकडे? भांडणं तिथेच लागतात.

आता मुख्य. तिघांनाही विचारा, "पाणी किती दिवस भरून ठेवणार?" जुना कोबा, म्हणजे फरशीखालचा थर, निघाला, वॉटरप्रूफिंग झालं, वाळलं, की ट्रॅपचं तोंड ओल्या गोणपाटाने गच्च बंद करायचं. दोनेक इंच पाणी भरायचं आणि भिंतीवर पेन्सिलीने रेघ मारायची. ४८ तास हात लावायचा नाही. थोडं पाणी उडून जातंच, त्याला घाबरू नका. खालच्या छताकडे बघा. ह्यात ज्याचं तोंड वाकडं होईल त्याला चहा पाजून वाटेला लावा. चांगल्या कारागिराला उलट बरं वाटतं, पुढे कटकट नको म्हणून.

गिझरच्या लाइनला सीपीव्हीसीच, म्हणजे गरम पाणी सोसणारा प्लास्टिकचा पाइपच हवा. तो फिकट पिवळसर असतो आणि त्यावर आयएस १५७७८ हा भारतीय मानकाचा नंबर छापलेला असतो, तो वाचा. लाइन भिंतीत बुजवण्याआधी हातपंपाने प्रेशर देऊन तपासायला लावा. टाईल बसल्यावर कोपऱ्यांवर नाणं वाजवा. माल ठिपक्याठिपक्यांनी लावला असेल तर ती पोकळ बोलते.

पैसे कामाच्या टप्प्याने द्या. वॉटरप्रूफिंगचा हप्ता पाण्याची रेघ बघितल्यावर, शेवटचे दहा-पंधरा टक्के महिनाभर वापरून झाल्यावर.

खतावणी

जीएसटीपुरतं बोलते, हिशेबाचं काम करते म्हणून. सेवेची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत असलेल्याला नोंदणीची सक्ती नाही, त्यामुळे जीएसटी नंबर नसणं हा गुन्हा नव्हे. पण नंबर नसताना १८ टक्के लावणं म्हणजे सरळ खिसा कापणं. नंबर पंधरा अंक-अक्षरांचा असतो, महाराष्ट्रातला असेल तर २७ ने सुरू होतो. जीएसटीच्या पोर्टलवर टाकला की कुणाच्या नावावर आहे ते दिसतं.

सूनबाई_डोंबिवली

सगळ्यांचे आभार. काल तिघांनाही फोन केले. पहिला पाण्याचं ऐकून हसला, "ताई, पाणी भरायला काय स्विमिंग पूल आहे का?" नवरा स्पीकरवर ऐकत होता, काही बोलला नाही. दुसऱ्याने नंबर पाठवतो म्हणून फोन ठेवला, अजून पाठवतोय. तिसरे म्हणाले, ठाकुर्लीत चार वर्षांपूर्वीचं काम आहे, रविवारी या, खालच्या मजल्यावरच्या आजींना सांगून ठेवतो.

फक्त एक अडचण. बाथरूम एकच, त्यात दोन दिवस पाणी भरलेलं. सासूबाईंचं काय करायचं?

साइटवरचा_म्हातारा

ज्यांचं छत गळतंय त्या खालच्या काकूंना विचारा. त्यांच्याइतकं आनंदाने बाथरूम कुणी देणार नाही.