दुकानातल्या मशीनचा डेस्कटॉप साफ आणि देखणा कसा ठेवायचा? (मिंट, एक्सएफसीई)

झेरॉक्सवाला:
नमस्कार मंडळी. विट्यात माझं झेरॉक्स-प्रिंटचं दुकान आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, तेव्हा ४ जीबी रॅमच्या जुन्या मशीनवर विंडोजच्या जागी चालणाऱ्या लिनक्स मिंटची हलकी एक्सएफसीई आवृत्ती टाकली. चालतं झकास. खोड माझी आहे. गिऱ्हाईक पेनड्राइव्ह देतं, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतं, आणि मी सगळं डेस्कटॉपवर उतरवून घेतो. आधार, रेशनकार्ड, सातबारा, पोरांच्या गुणपत्रिका. स्क्रीनचं तोंड गिऱ्हाइकाकडे, कारण नाव बरोबर आलंय का ते त्यांना बघायचं असतं.

परवा एक जण फेरफाराची प्रिंट काढायला आले आणि स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाले, "ह्यो आमच्या चुलत्याचा सातबारा हितं कशाला?" चुलते सकाळीच येऊन गेले होते. फाइलीला मी गट नंबरही दिलेला, नावही दिलेलं. दोघांचं बांधावरून काय चाललंय ते सगळ्या आळीला माहीत आहे. अर्धा तास ऐकून घेतलं. त्या गडबडीत प्रिंटचे पैसे राहिले ते राहिलेच.

तर दोन गोष्टी विचारायच्यात. हा पसारा कायमचा हटवायचा कसा? आणि साफ झाल्यावर तिथं काहीतरी बघण्यासारखं हवं. मी कॉन्की नावाच्या, डेस्कटॉपवर माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रामने वार-तारीख मोठ्या अक्षरांत लावली होती. पण 'शनिवार'ची वेलांटी 'न' ला सोडून पुढं पळते, आणि 'शुक्रवार' पाय मोडून बसतो. मुक्ता फॉन्ट लावला, लोहित लावला, तेच.

सुटसुटीत:
सेटिंग्ज, डेस्कटॉप, आयकॉन्स. आयकॉनचा प्रकार 'नन', म्हणजे 'काहीच नको', करा. एकही चिन्ह दिसणार नाही. दोन मिनिटांचं काम.

गोधडी:
@सुटसुटीत, हे म्हणजे केर कॉटखाली ढकलणं झालं. फाइली डेस्कटॉपच्या फोल्डरात तशाच राहतात, नुसत्या दिसत नाहीत. थुनारमध्ये, म्हणजे फाइली बघायच्या प्रोग्राममध्ये, ते फोल्डर उघडलं की सातबारा पुन्हा हजर.

दादा, माझं सायबर कॅफे होतं तेव्हा मी असं करायचे. फायरफॉक्समध्ये डाउनलोडची जागा म्हणून तात्पुरत्या फाइलींचं 'टीएमपी' फोल्डर द्यायचं. मिंटमध्ये मशीन बंद करून चालू केलं की ते आपोआप रिकामं होतं. नुसतं झोपवलं, म्हणजे सस्पेंड केलं, तर मात्र होत नाही. थुनारच्या डाव्या पट्टीत त्याचा बुकमार्क लावून ठेवा. पेनड्राइव्हवरची पीडीएफ तिथूनच उघडून छापा, उतरवायचीच कशाला? आणि ज्या कामाला गिऱ्हाईक परत येणार आहे तेवढंच होम फोल्डरमध्ये ठेवा, फाइलीला नावाऐवजी पावती नंबर देऊन.

काटकोन:
फॉन्टला बोल लावू नका. वेलांटी साठवताना 'न' च्या नंतर असते, दाखवताना 'न' च्या आधी यावी लागते. जोडाक्षरांचंही तसंच. ही जुळणी करायला वेगळी लायब्ररी, म्हणजे मदतीचा प्रोग्राम, लागते. कॉन्की मजकूर सरळ अक्षरं उमटवणाऱ्या एक्सएफटीकडे देतं, तिथं जुळणी होत नाही, मग फॉन्ट कितीही चांगला असो. एक्सएफसीईच्या पॅनेलवरचं, म्हणजे स्क्रीनच्या कडेच्या पट्टीवरचं, घड्याळ पँगो या जुळणी करणाऱ्या लायब्ररीतून जातं, म्हणून तिथं 'शुक्रवार' नीट उमटतो.

म्हणून कॉन्की काढा आणि एक नवं पॅनेल घ्या. त्यात फक्त घड्याळ. पॅनेलचा रंग पूर्ण पारदर्शक करा, रांगेची उंची वाढवा, 'कडेची जागा राखू नका' यावर टिक करा, म्हणजे खिडक्या त्याच्यामागे जातील. घड्याळात स्वतःचा साचा देता येतो, टक्क्याचं चिन्ह आणि पुढे कॅपिटल ए म्हणजे पूर्ण वार. मुक्ता मात्र राहू द्या. मुंबईच्या एक टाइपचा आहे, मुक्त परवान्याचा, आणि लांबूनही वाचता येतो. आयकॉन पपायरस नावाच्या संचातले लावा, मूळचे मला जरा पोक्त वाटतात.

झेरॉक्सवाला:
सगळं केलं. सुटसुटीतभाऊ, तुमचं 'नन'ही केलं, कारण रिकामा डेस्कटॉप असला की हात तिकडं जातच नाही. ताई, टीएमपीने पहिल्याच दिवशी दणका दिला. दुपारी लाइट गेली, यूपीएसने मान टाकली, आणि एका मुलीचा अर्धा भरून ठेवलेला अर्ज साफ. तिला दुसरा फुकट भरून दिला. आता अर्ज होम फोल्डरात, आणि आलेली कागदपत्रं टीएमपीत.

घड्याळ फक्कड झालंय. मागं सागरेश्वरला पावसाळ्यात काढलेला माझाच फोटो, वर कोपऱ्यात 'शुक्रवार', क ला र नीट चिकटलेला.

काल ते पुतणे पुन्हा आले. प्रिंट निघेपर्यंत स्क्रीनकडं एकटक बघत होते. मला वाटलं, डोंगर आवडला. तर हळूच म्हणाले, "आज काकांचं काय आलं नाही व्हय?"

मागचे दहा रुपये मात्र दिले.